आजारी माणसाचा रोजा

रमजान जवळ आला की मोबाईलवर एक संदेश हमखास फिरू लागतो : जपानच्या शास्त्रज्ञाला रोजाचे फायदे शोधल्याबद्दल नोबेल मिळालं. २०१६ साली योशिनोरी ओसुमी यांना वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं, एवढंच त्यात खरं. पेशी आपले निकामी भाग मोडून पुन्हा कशा वापरतात, हे त्यांनी शोधलं आणि त्यांचे मूळ प्रयोग यीस्टवर होते. तरी आपण तो संदेश आनंदाने पुढे पाठवतो. आपल्या इबादतीवर विज्ञानाचा शिक्का बसल्यासारखं वाटतं ना!

मला या शिक्क्याची भीती वाटते. रोजा म्हणजे सगळ्या रोगांवरचं औषध, असं एकदा मनात बसलं की आजारी माणूस म्हणतो, मग मी का सोडू?

निरोगी माणसाला रोजाचा फायदा होतो, हे मी नाकारत नाही. दिवसभर चहा, तंबाखू, गुटखा सुटतो. वजनही थोडं उतरतं. पण इफ्तारला भजी, सामोसे, गोड शरबत आणि रात्री पुन्हा भरपेट जेवण झालं की उतरलेलं वजन परत यायला वेळ लागत नाही.

मधुमेह असणाऱ्यांची गोष्ट मात्र वेगळी आहे. २००१ साली १३ देशांतल्या बारा हजारांहून अधिक मधुमेही मुस्लिमांची ‘एपिडायर’ नावाची पाहणी झाली. रक्तातली साखर गंभीररीत्या खाली जाण्याचं प्रमाण रमजानमध्ये टाईप-१ मधुमेहींत सुमारे पावणेपाच पट आणि टाईप-२ मधुमेहींत साडेसात पट वाढलेलं आढळलं. साखर अशी उतरली तर माणूस बेशुद्ध पडू शकतो.

त्यात आपला धाराशिव जिल्हा. २०१८ आणि २०१९ चे रोजे मे महिन्याच्या उन्हात आले होते. आता रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकत थंडीकडे चालला आहे, म्हणून तहान कमी लागेल. पण इन्सुलिन घेणाऱ्याचा धोका थंडीतही राहतोच.

हे सगळं कळूनही आजारी माणसं रोजा का धरतात? मला वाटतं, बऱ्याचदा लाजेपोटी. ‘रोजा नाही का?’ हा प्रश्न मोहल्ल्यात सहज विचारला जातो. मग घरातली म्हातारी माणसं कोपऱ्यात तोंड लपवून गोळी घेतात, नाहीतर गोळीच टाळतात. तुळजापूरच्या नवरात्रात नऊ दिवसांचे उपवास धरणाऱ्या घरांतही बीपीची, शुगरची माणसं असतात. मोडला तर लोक काय म्हणतील, ही धास्ती दोन्हीकडे सारखीच.

खरं तर ही सूट डॉक्टरांच्या आधी कुरआनने दिली आहे. सूरह बकराच्या १८४ आणि १८५ व्या आयतीत आजारी आणि प्रवासी माणसाला रोजे नंतर पूर्ण करण्याची मुभा आहे. ज्याला नंतरही जमणार नाही, त्याने फिदिया म्हणून एका रोजामागे एका गरिबाला जेवू घालावं. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाईलाही उलेमांनी सवलत सांगितली आहे. सवलत घेणारा दीनच्या बाहेर जात नाही, दीनच पाळत असतो.

ज्यांना तरीही रोजा धरायचा आहे, त्यांनी सहा ते आठ आठवडे आधी, म्हणजे रज्जब महिन्यातच डॉक्टरांना भेटावं. गोळ्या आणि इन्सुलिनच्या वेळा, मात्रा त्यांच्याकडून ठरवून घ्याव्यात; आपल्या मनाने काही बंद करू नये. बोटातून रक्ताचा थेंब काढून साखर तपासल्याने रोजा तुटत नाही. साखर ७० च्या खाली गेली किंवा ३०० च्या वर चढली, तर मगरिबची वाट न पाहता रोजा सोडावा, असं या विषयातले तज्ज्ञ सांगतात.

आपल्या इमामसाहेबांना माझी विनंती आहे. रमजानआधीच्या जुम्म्याला रोजाच्या फजिलतीबरोबर आजाऱ्याच्या सवलतीवरही पाच मिनिटं बोला. डॉक्टरांचा कागद न मानणारी आपली माणसं मिंबरवरून आलेली गोष्ट ऐकतात. आणि बाकीच्यांनी एवढंच करावं : कुणाला दिवसा पाणी पिताना पाहिलं, तर रोजाबद्दल विचारू नये. तब्येत कशी आहे, एवढं विचारावं.