काढलेली गाठ टाकू नका

मागच्या पावसाळ्यात एक मुलगा माझ्या लॅबच्या टेबलावर लोणच्याची बरणी ठेवून उभा राहिला. आत साध्या पाण्यात आईच्या स्तनातून काढलेली गाठ. ऑपरेशनला तीन दिवस झाले होते. “मॅडम, डॉक्टर म्हणाले साधीच दिसते, हवं तर तपासून घ्या.” झाकण उघडलं आणि वास आला. सूक्ष्मदर्शकाखाली पेशींच्या नुसत्या सावल्या उरल्या होत्या. कॅन्सर आहे की नाही, हे मला त्याला सांगता आलं नाही. आठ महिन्यांनी त्या बाई काखेत गाठ घेऊन आल्या, तेव्हा सांगता आलं.

22 वर्षं मी गाठी तपासते आहे. तरुण मुलींच्या स्तनात होणारी फायब्रोअ‍ॅडिनोमाची गाठ बोटाखाली सुळकन सरकते. ती शेजारच्या पेशींना बाजूला सारते, पण त्यांच्यात घुसत नाही. लायपोमा, म्हणजे चरबीची गाठ, लोण्यासारखी पिवळी आणि मऊ. कॅन्सरच्या गाठीवर सुरी चालवताना बरेचदा कच्चा पेरू चिरल्यासारखी करकर हाताला जाणवते. पण हाताला जाणवणं हा पुरावा नव्हे. माझाही हात फसलेला आहे.

स्तनातल्या दूधनलिकेच्या अस्तरात एखाद्या पेशीच्या जनुकांत चुका साचत जातात आणि ती थांबायचं विसरते. कधी कधी वर्षानुवर्षं तिची पिल्लावळ नलिकेच्या आतच वाढते. मग भोवतीचा पातळ पडदा फोडून बाहेर पडते, स्वतःसाठी नव्या रक्तवाहिन्या तयार करून घेते, लसिकावाहिन्यांतून काखेपर्यंत पोचते. तो पडदा फुटलाय का, हे 4 मायक्रॉन जाडीच्या कापात दिसतं. वरून चाचपून ते कळत नाही, सर्जन कितीही अनुभवी असो.

म्हणून ‘हवं तर’ हे शब्द मला सहन होत नाहीत. काढलेली प्रत्येक गाठ तपासली गेलीच पाहिजे, आणि रिपोर्ट आल्याशिवाय पेशंटची फाइल बंद होता कामा नये. खर्चाचं कारण देऊ नका. ऑपरेशनला हजारो रुपये मोजणाऱ्या घराला तपासणी जड जात नाही. तिची गरज त्यांना कुणी समजावलेली नसते. नातेवाइकांनी आधीच विचारावं, गाठ कशात ठेवणार? 10 टक्के फॉर्मॅलिन, तेही गाठीच्या दसपट. पाणी नको, सलाइन नको, बर्फ तर नकोच.

आता तालुक्यातल्या छोट्या दवाखान्यांत भरलेल्या बाटल्या मीच पोचवते. रुंद तोंडाच्या. अरुंद तोंडातून कोंबलेली गाठ फॉर्मॅलिनमध्ये कडक झाली की बाहेर निघत नाही.