ब्रश कुठे धुतले?

गेल्या महिन्यात घर रंगवायला काढलं. दुपारपर्यंत हॉलच्या दोन भिंती झाल्या, पेंटर जेवायला गेला आणि आतून बाबांनी विचारलं, "काय गं, वास येतोय का?"

"नाही बाबा, फारसा नाही."

"मग पाण्यातला असणार."

बाबांना स्वतःला वास जवळजवळ येत नाही. डॉक्टर म्हणतात, वयाने होतं असं. बाबा म्हणतात, झायलीनने. मी दोघांशीही वाद घालत नाही.

बाबांची सगळी नोकरी डोंबिवलीला रंगासाठी लागणाऱ्या रेझिनच्या कारखान्यात गेली. रेझिन म्हणजे पॉलिमरच. तेल, ग्लिसरीन आणि थॅलिक अनहायड्राइड केटलमध्ये तासन् तास शिजवायचं. रेणू एकमेकांना जोडले जाताना पाणी सुटतं, ते बाहेर ओढून काढायला झायलीन. मधापेक्षा घट्ट झालेलं रेझिन पातळ करायला पुन्हा सॉल्व्हंट. आणि रंग दाराला लावल्यावर हे सॉल्व्हंट जातं कुठे? हवेत! पॉलिमर दारावर राहतं, सॉल्व्हंट माणसांच्या छातीत. आई बाबांचे शर्ट वेगळ्या बादलीत भिजवायची. आम्हा पोरांना मात्र तो वास आवडायचा. बाबा आले की जिन्यातच कळायचं.

भिंतीच्या इमल्शन पेंटची गोष्ट वेगळी. त्यातलं पॉलिमर पाण्यातच तयार करतात. मोनोमर पाण्यात विरघळत नाही म्हणून साबणासारखं काहीतरी घालून ढवळायचं. डोळ्यांना दिसणार नाहीत इतके बारीक पॉलिमरचे कण पाण्यात तरंगत राहतात, सगळं दुधासारखं दिसतं. भिंतीवर पाणी उडून गेलं की कण एकमेकांना चिकटून पापुद्रा तयार होतो. आगीची भीती नाही, वास बेताचा. मला वाटायचं, चला, प्रश्न सुटला! झायलीन जाऊन पाणी आलं.

मग टेफ्लॉनबद्दल वाचलं.

आपल्या नॉनस्टिक तव्यावरचं टेफ्लॉनही पाण्यातच बनायचं. पण त्याला साधा साबण चालत नाही. ड्युपॉन्टने १९५१ पासून त्यासाठी पीएफओए हे रसायन वापरलं. ते निसर्गात मोडत नाही, रक्तात वर्षानुवर्षं राहतं. अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियातल्या पार्कर्सबर्गच्या आसपास ते लोकांच्या पिण्याच्या पाण्यात गेलं. पुढे कोर्टातल्या तडजोडीतून नेमलेल्या शास्त्रज्ञांच्या समितीने मूत्रपिंडाच्या कर्करोगासह सहा आजारांशी त्याचा संबंध संभवतो असा निष्कर्ष २०१२ पर्यंत दिला. म्हणजे द्रावक कोणतं, तर पाणी. त्याहून निर्मळ काय असणार? विष होतं ते साबणात.

यावर एक सुंदर उपाय निघाला होता. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातल्या जोसेफ डेसिमोन यांनी १९९२ मध्ये दाखवलं की फ्लोरिनवाली पॉलिमर कार्बन डायऑक्साइडमध्ये बनवता येतात. ३१ अंश सेल्सियस आणि साधारण ७३ वातावरण दाब यांच्या वर गेलं की हा वायू ना धड वायू राहतो, ना धड द्रव. पण विरघळवण्याचं काम करू लागतो. काम झालं की दाब काढायचा, तो आपोआप निघून जातो, पकडून पुन्हा वापरायचा. पाणी नको, पीएफओए नको. डेसिमोन यांना १९९७ मध्ये हरित रसायनशास्त्राचा अमेरिकी अध्यक्षीय पुरस्कार मिळाला आणि १९९९ मध्ये ड्युपॉन्टने त्याच राज्यात फेएटव्हिल इथे या पद्धतीच्या टेफ्लॉनसाठी कारखाना जाहीर केला.

गोष्ट इथेच संपली असती तर किती बरं झालं असतं!

पण २००२ मध्ये ड्युपॉन्टने पीएफओए स्वतः बनवायला सुरुवात केली ती फेएटव्हिललाच, कारण आधी ते पुरवणारी थ्रीएम कंपनी त्यातून बाहेर पडत होती. आणि २०१७ मध्ये बातमी आली की त्याच आवारातून केप फिअर नदीत जेनएक्स जातंय आणि खाली विल्मिंग्टनच्या लोकांच्या नळाला ते येतंय. जेनएक्स म्हणजे पीएफओएच्या जागी आणलेलं रसायन. यात कार्बन डायऑक्साइडचा काहीच दोष नव्हता. एका भांड्यातलं द्रावक सुधारलं, बाकीची भांडी तशीच राहिली, एवढंच.

म्हणून हल्ली 'ग्रीन सॉल्व्हंट' शब्द ऐकला की मी जरा थांबते. संशोधन फुकट आहे असं मला मुळीच म्हणायचं नाही. बाबांच्या केटलला कोणी झायलीनवाचून चालवून दाखवलं असतं तर आम्ही पेढे वाटले असते. पण द्रावक बदलणं हे उत्तराचं पहिलं वाक्य झालं. सोबत काय घातलं, उरलेलं कुठे गेलं, खालच्या अंगाला कोण राहतं, हे विचारायचंच राहतं.

आणि हे लांबचं नाही हो. इटलीत व्हिचेंझाजवळ मिटेनी नावाचा कारखाना होता, तिथे पीएफओएसुद्धा बनायचं. भूजल दूषित झालं, २०१८ मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली, २०२५ मध्ये कोर्टाने अकरा अधिकाऱ्यांना दोषी ठरवलं. तिची यंत्रसामग्री एका भारतीय कंपनीने २०१९ मध्ये विकत घेतली आणि ती आपल्या कोकणात, लोटे परशुरामला आली. यंत्रं जुनी आहेत म्हणून इथेही तेच होईल असं मी म्हणत नाही. पण तिथल्या लोकांनी प्रश्न विचारले तर त्यांना विकासाचे शत्रू म्हणू नये, इतकं तरी वाटतं. पार्कर्सबर्गच्या लोकांनी विचारलं म्हणून आज आपल्याला माहीत आहे.

असो, पोस्ट लांबली. हॉल छान झालाय. संध्याकाळी बाबांना हात धरून दाखवायला नेलं. त्यांनी भिंतीवरून बोटं फिरवली, मान डोलावली आणि विचारलं, "ब्रश कुठे धुतले त्याने?"

मी बघितलंच नव्हतं. मोरीत जाऊन पाहिलं, तर जाळीवर पांढरट दूध साचलं होतं.