पारा किती? आणि कोणता?

भाईंदरच्या खाडीपुलावरून लोकल जाते तेव्हा खाली दिसते ते उल्हास नदीचे मुख. कल्याणकडच्या पट्ट्यात कॉस्टिक सोडा बनवताना वापरला जाणारा पारा सांडपाण्यातून या नदीत उतरला. तो गाळात साठल्याचे राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मांडले होते. कारखान्यांनी तंत्र बदलले, तरी गाळात बसलेला पारा आपोआप नाहीसा होत नाही.

अशा गाळाच्या तपासणीत बहुधा एकच आकडा हाती येतो, तो एकूण पाऱ्याचा. नमुना आम्लात शिजवायचा, स्टॅनस क्लोराइड घालून पारा वाफेच्या रूपात मोकळा करायचा आणि ती वाफ किती प्रकाश शोषते ते मोजायचे. पद्धत खात्रीची, त्यातल्या त्यात स्वस्तही. पण आम्लात पाऱ्याची सगळी रूपे एक होतात आणि डॉक्टरला हवी ती माहिती नेमकी तिथेच हरवते.

थर्मामीटर फुटून चुकून गिळलेला पारा जवळजवळ सगळा शौचावाटे बाहेर पडतो. (त्याची वाफ श्वासातून जाणे मात्र घातक.) मिथाइल पाऱ्याचे तसे नाही. खाजणातल्या प्राणवायू नसलेल्या चिखलात जिवाणू तो तयार करतात. अन्नातून पोटात गेलेला बहुतेक सगळा रक्तात उतरतो, मेंदूत पोहोचतो, वारेतून गर्भातही जातो. जपानमधील मिनामाता येथे १९५६ मध्ये उघडकीस आलेला आजार याच विषाचा. तिथे काही मातांना फारसा त्रास नव्हता, त्यांची बाळे मात्र मेंदूला इजा घेऊनच जन्मली.

गाळातल्या एकूण पाऱ्यात मिथाइल पारा साधारण शंभरात एक भाग किंवा त्याहूनही कमी असतो. मोठ्या शिकारी माशात मात्र बहुतांश पारा मिथाइलच असतो. म्हणजे गाळाच्या आकड्यावरून ताटातल्या विषाचा अंदाज बांधता येत नाही. मोठ्या माशाला साधी तपासणी पुरते. अडचण कालवे, शिवल्या आणि चिंबोऱ्यांची, कारण त्यांच्यातले हे प्रमाण खूप कमीजास्त होते. खाडीकाठचा गरीब माणूस हेच तर गोळा करून खातो.

तिथे मिथाइल पारा वेगळा काढूनच मोजायला हवा. त्यासाठी ऊर्ध्वपातन, मग इथाइल गट जोडून त्याचे वायूत रूपांतर, नंतर गॅस क्रोमॅटोग्राफ आणि संवेदनशील शोधक, असा किचकट रस्ता आहे. शिवाय गाळाचे ऊर्ध्वपातन करतानाच थोडा मिथाइल पारा नव्याने तयार होऊ शकतो, त्यामुळे तपासणाराही तितकाच सावध लागतो. पाण्याचा नमुना साध्या प्लास्टिकच्या बाटलीत नेला, तर पुढचे सगळे वाया.

सगळेच नमुने या महाग पद्धतीने तपासण्याची गरज नाही. आधी एकूण पाऱ्याची चाळणी लावावी, मग निवडक कालवे-चिंबोऱ्यांचा मिथाइल पारा मोजावा. महापालिका आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाने मिळून एवढे केले, निकाल मराठीत लावले, तर पुरे. तोवर गरोदर बाईला मासे बंद करायला सांगू नये. मोरीसारखे मोठे शिकारी मासे टाळावेत. उत्तनच्या बाजारातली मांदेली तिने खुशाल खावी.