पन्नास हजारांचा संगणक आणि लेकीचं काम

दुकानात पाऊल ठेवलं की पहिला प्रश्न येतो, ‘सर, आय-फाइव्ह की आय-सेवन?’ काम काय करायचं आहे, हे कुणी विचारत नाही. माझी लेक चित्रकलेचं शिक्षण घेते. उर्दू-मराठी लग्नपत्रिका, पुस्तकांची मुखपृष्ठं, मधूनमधून माझ्या वर्गासाठी छोटे व्हिडिओ, असं तिचं काम आहे. भिशी लागली तेव्हा पन्नास हजार हातात आले. आमच्या घरात ही रक्कम पुन्हा लवकर जमणार नाही, त्यामुळे चूक परवडणारी नव्हती.

नातेवाइकांचं म्हणणं, मुलीला मोबाइल आहे ना, पुरे की! मला ते पटत नाही. मुलाला संगणक ‘अभ्यासासाठी’ येतो आणि मुलीनं मात्र बोटभर पडद्यावर मुखपृष्ठ रचायचं, हा कुठला हिशेब?

दुकानदारानं कागदावर लिहून दिलं ते असं: नावाच्या शेवटी ‘एफ’ असलेला इंटेलचा प्रोसेसर, आठ जीबी रॅमची एकच पट्टी, दोन जीबीचं जुनं ग्राफिक कार्ड आणि रंगीत दिव्यांचा काचेचा कॅबिनेट. हा ‘एफ’ लक्षात ठेवा. त्या प्रोसेसरमध्ये स्वतःचं ग्राफिक नसतं, म्हणून वेगळं कार्ड घ्यावंच लागतं, आणि पैसे संपत आल्यावर मग कार्ड कसलंही गळ्यात मारता येतं. आठ जीबी रॅमवर फोटोचे दहा-बारा थर उघडले, शेजारी ब्राउझर चालू ठेवला, की यंत्र धापा टाकू लागतं.

आम्ही रायझन ५ ५६००जी घेतला. सहा कोअर आहेत आणि ग्राफिक त्यातच आहे. हे ग्राफिक रॅममधूनच आपला वाटा घेतं, त्यामुळे सोळा जीबीची एक पट्टी न घेता आठ-आठच्या दोन घेतल्या. दोन्ही वाटांनी माहिती धावते आणि फरक डोळ्यांना दिसतो. मदरबोर्ड चार खाचांचा घेतला. पाचशे जीबीची एनव्हीएमई एसएसडी घेतली आणि जुन्या संगणकातली हार्डडिस्क साठवणीला लावली. त्रिमिती चित्रं किंवा ॲनिमेशन करायचं असतं, तर मी वेगळ्या ग्राफिक कार्डाच्याच बाजूनं बोललो असतो. पत्रिकेला ते लागत नाही.

कॅबिनेटचे वाचवलेले पैसे गेले मॉनिटरमध्ये. त्याचं कारण जुनं आहे. काही वर्षांपूर्वी शाळेच्या वार्षिकांकाचं मुखपृष्ठ मी स्वतः रचलं होतं. घरच्या स्वस्त पडद्यावर पोपटी दिसणारा रंग छापून आला तो शेवाळी. मान जरा खाली केली तरी रंग बदलणारा पडदा होता तो. छापखान्याला दोष कसा देणार? या वेळी आयपीएस पॅनेल घेतलं, एसआरजीबी रंग जवळजवळ पूर्ण दाखवणारं. छपाईचे रंग वेगळेच, हे खरं, पण निदान सुरुवात तरी खऱ्या रंगापासून होते.

नस्तालिकलाही चांगला पडदा लागतोच. त्या लिपीत शब्द उजवीकडून तिरका उतरत येतो, नुक्ते एकमेकांना चिकटतात. १९८१ मध्ये मिर्झा अहमद जमील यांच्या नूरी नस्तालिकनं हजारो जोडाकृती यंत्रात बसवल्या, त्याआधी उर्दू वर्तमानपत्रं कातिबांच्या हातावर चालत. आज युनिकोडमधला नस्तालिक फॉन्ट इंकस्केपमध्ये नीट उमटतो आणि त्याच पानावर देवनागरीची जोडाक्षरंही.

इंकस्केप, क्रिटा, केडेनलाइव्ह, तिन्ही फुकट आणि रीतसर. दुकानदार म्हणाला, ‘महागडी सगळी सॉफ्टवेअर टाकून देतो, सर, पैसे नकोत.’ मी नको म्हणालो. लेकीच्या कमाईचा पहिला रुपया चोरीच्या सॉफ्टवेअरवर यावा, हे मनाला रुचेना. दुकानदार हसला. हसू दे.

एक गोष्ट मात्र मी भांडून घेतली, ती म्हणजे चांगल्या कंपनीचा एसएमपीएस, ८० प्लस ब्राँझ. तीही ठेच लागूनच. आमच्याकडे उन्हाळ्यात वीज जाते आणि येताना झटका देत येते. जुन्या संगणकात कॅबिनेटबरोबर फुकट आलेला एसएमपीएस होता. एका दुपारी तो जळाला आणि जाताना मदरबोर्ड घेऊन गेला. हार्डडिस्क वाचली, नाहीतर वर्षभराचे धडे गेले असते. म्हणून या वेळी यूपीएसही पन्नास हजारांतच बसवला आणि कीबोर्ड जुनाच ठेवला.

कॅबिनेट काळा, पत्र्याचा, दिसायला अगदी साधा आहे. धाकटा तो पाहून हिरमुसला. लेक मात्र पहिल्याच रात्री दोनपर्यंत बसली होती. ‘अब्बा, हा जीम बघा, पोट किती गोल आलंय,’ म्हणत तिनं मला झोपेतून उठवलं. ग्राफिक कार्डाची खाच अजून मोकळी आहे, रॅमच्याही दोन आहेत. पुढच्या महिन्यात दोन पत्रिकांचे पैसे येणार आहेत; त्यांतून काय घ्यायचं ते तिनंच ठरवावं, असं मी सांगून ठेवलं आहे.