पिशव्या सांभाळणाऱ्या बायका

“वहिनी, मोबाईल आणि चष्मे तेवढे सांभाळा हं!” असं म्हणून भावोजींनी पाण्यात उडी मारली. पाठोपाठ पुतण्या, माझी लेक आणि मग आमचे ‘हे’सुद्धा! बोटीवर उरलो आम्ही दोघी जावा. मांडीवर टॉवेल, पिशव्या आणि सगळ्यांचे चष्मे. भोवती मालदीवचा तो निळाशार समुद्र आणि आम्ही बघतोय काय, तर चिवड्याच्या डब्याचं झाकण घट्ट लागलंय ना!

कितीतरी दिवस पैसे साठवून केलेली ही सहल. त्यातला एक अख्खा दिवस शिडाच्या बोटीवर काढायचं मुलांनी आधीच ठरवलं होतं. सकाळी किनारा सोडला, थोडं पुढे गेल्यावर नावाड्यानं इंजिन बंद केलं आणि शीड वर चढवलं. वारा भरला तशी बोट एका अंगाला कलली आणि एकदम शांत झालं. फक्त पाण्याचा आवाज. इतकी शांतता मी घरात भर दुपारीसुद्धा ऐकलेली नाही.

बी.ए.ला भूगोल होता, त्यामुळे ‘कंकणद्वीप’ हा शब्द परीक्षेपुरता पाठ होता. ज्वालामुखीचं बेट हळूहळू खचत जातं, त्याच्या कडेनं वाढणारं प्रवाळ मात्र उजेडाच्या ओढीनं वर वर येत राहतं. शेवटी मधलं बेट दिसेनासं होतं आणि उरतं ते प्रवाळांचं कडं. हे डार्विननं १८४२ साली मांडलं. ‘अॅटॉल’ हा इंग्रजी शब्द आला तोही मालदीवच्याच दिवेही भाषेतून. अशी २६ कडी आणि त्यांवर विखुरलेली सुमारे १२०० छोटी छोटी बेटं म्हणजे हा देश. बहुतेक जमीन समुद्रापासून जेमतेम दीड मीटर उंच. आपल्या स्वयंपाकघरातल्या ओट्याच्या दुप्पटसुद्धा नाही!

नावाड्याला हिंदी सिनेमे पाहून पाहून बऱ्यापैकी हिंदी येत होतं. त्यानं पाणी वाचायला शिकवलं. गडद निळं म्हणजे खोल, मोरपंखी म्हणजे कमी खोल, फिकट पोपटी म्हणजे खाली वाळू आणि तपकिरी दिसलं की सावध, तिथे प्रवाळाचा खडक वर आलेला. म्हणून अशा पाण्यात ऊन वर आल्यावरच शिरायचं, सूर्य पाठीशी ठेवून. ऊन समोरून आलं की पाण्यावर नुसती चकाकी, खालचं काही दिसत नाही. त्याचा मदतनीस पोरगा पुढच्या टोकाला उभा राहून हातानं डावीकडे-उजवीकडे दाखवत होता. नकाशे आणि यंत्रं असूनही शेवटी भरवसा डोळ्यांवरच!

आणि अशा ठिकाणी येऊन आम्ही दोघी पिशव्या सांभाळत होतो. कुणी जबरदस्ती केली होती का? मुळीच नाही. आम्हाला पोहता येत नव्हतं, एवढंच. पण का येत नव्हतं?

माझ्या माहेरी विहीर होती. दोन्ही भावांना वडिलांनी पाठीला सुका भोपळा बांधून पोहायला शिकवलं. मी काठावर त्यांचे कपडे घेऊन उभी! “मुलीच्या जातीला काय करायचंय पोहून?” असं आजी म्हणायची आणि कुणालाच त्यात वावगं वाटायचं नाही. गंमत बघा, त्याच विहिरीचं पाणी शेंदायचं, तिच्या काठावर धुणी धुवायची ती मात्र आम्हीच.

लेक पोहत बोटीजवळ आली. “आई, लाइफ जॅकेट घाल आणि ये. मी धरते ना हात!” जाऊबाईंनी मला कोपरानं ढोसलं. पंजाबी ड्रेसवरच जॅकेट चढवलं, शिडीवरून उतरले आणि देवाचं नाव घेऊन पाण्यात तोंड घातलं.

काय सांगू! जांभळी, पिवळी, तपकिरी झुडपं असावीत तशी प्रवाळं. ती झुडपं नव्हेत, बारीक बारीक जिवांच्या वसाहती. त्यांच्या अंगात सूक्ष्म शेवाळ राहतं, तेच त्यांना अन्न देतं आणि रंगही. एक निळा-हिरवा पोपटमासा चोचीसारख्या तोंडानं खडक कुरतडत होता, त्याचा कुरकुर आवाज पाण्यात चक्क ऐकू येत होता. तो जे खातो त्याचीच पुढे पांढरी वाळू होते म्हणे!

पण जरा पलीकडे गेलो आणि रंगच संपले. राखाडी-पांढरी मोडकी कांडकी, स्मशानातल्या हाडांसारखी. पाणी नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा एखाद्या अंशानं जरी जास्त तापलं आणि काही आठवडे तसंच राहिलं, तर प्रवाळ आपल्यातलं शेवाळ बाहेर टाकतं, पांढरं पडतं आणि बरेचदा मरतं. मालदीवमध्ये १९९८ आणि २०१६ साली असा मोठा फटका बसला आणि २०२४ मध्ये तर जगभरच ही लाट जाहीर झाली. हे मी पेपरात वाचलं नव्हतं का? वाचलं होतं, आणि पान उलटलं होतं. त्या दहा मिनिटांनी मात्र पोटात कालवलं. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय एखादी गोष्ट आपली होत नाही, हेच खरं.

परतताना मनात मात्र वेगळंच घोळत होतं. बचत गटाच्या कामानिमित्त मी खेड्यांत जाते. एका गावी बैठकीला गेले, तर बैठकच झाली नाही. आदल्या दिवशी धुणं धुताना एक मुलगी शेततळ्यात घसरली आणि तिला काढायला गेलेली तिची आईही बुडाली. २०१६ नंतर ‘मागेल त्याला शेततळे’ योजनेतून आपल्याकडे तळी झाली, शेताला पाणी मिळालं, चांगलंच झालं. पण तळाशी प्लॅस्टिकचा कागद असतो, त्याच्या उतारावर पाय ठरत नाही. पोहणाऱ्यालासुद्धा वर चढता येत नाही, तिथे आमच्या पोरीबाळींचं काय? काठाला खुंटी ठोकून गाठी मारलेला एक दोर पाण्यात सोडून ठेवला, तर जीव वाचू शकतो. किती खर्च आहे त्याला?

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये जगात सुमारे ३ लाख माणसं बुडून गेली. म्हणजे पोहणं ही श्रीमंतांची हौस नाही, सायकल चालवण्यासारखी, लिहिण्या-वाचण्यासारखी गरज आहे. तरी आपल्याकडे मुलीला भरतनाट्यमचा क्लास लावतात, पोहण्याचं नाव काढलं की “रंग काळवंडेल”, “केस खराब होतील”, “तसले कपडे घालायचे?” आणि बायकांची बॅच कधी? भर दुपारी, पोरं शाळेतून यायच्या वेळेला! आता अंगभर पोहण्याचे कपडे मिळतात, त्यामुळे ती सबबही उरलेली नाही. खरं सांगायचं तर सबबी आपल्याच असतात.

२०१७-१८ मध्ये नौदलाच्या सहा जणींनी ‘तारिणी’ या शिडाच्या नौकेतून पृथ्वीप्रदक्षिणा केली. गोव्यात बांधलेली नौका, गोव्यातूनच निघाली आणि गोव्यातच परतली. २०२४-२५ मध्ये तर दोघीच जणी त्याच नौकेतून जग फिरून आल्या. आपण टाळ्या वाजवल्या, फोटो पुढे पाठवले आणि आपल्या लेकीला म्हणालो, “पाण्याजवळ जाऊ नकोस!”

मालदीव लांब राहिलं, प्रवाळ आपल्या मालवणलाही आहे. १९८७ साली तिथे सागरी अभयारण्य जाहीर झालं. सिंधुदुर्ग किल्ला तर आपण सगळ्यांनी पाहिलाय, पण त्याच्या भोवतीच्या पाण्याखाली काय आहे, हे किती जणींनी पाहिलंय? बघायला जाल तेव्हा प्रवाळावर पाय मात्र देऊ नका. वर्षाला सेंटिमीटरभर वाढणाऱ्या खडकाला मोडायला आपली एक टाच पुरते.

मी परत आल्यावर तलावावर नाव घातलं. वय पंचेचाळीस. पहिले आठ दिवस नुसतं पाणी प्यायले, शेजारच्या बॅचची चिमुरडी मुलं हसायची. आता तरंगता येतं, एक आडवी फेरी कशीबशी होते. जाऊबाईही येतात. त्या वेळेत घरचे चहा आपापला करून घेतात आणि अजून तरी कुणाचं काही बिघडलेलं नाही!

तेव्हा मैत्रिणींनो, या उन्हाळ्यात लेकीचं नाव घालाल तेव्हा फॉर्म दोन आणा. आणि पिशव्यांची काळजी नको, बोटीत बाकाखाली कप्पा असतो.