मोमिनाबाद कुणी खोडलं?

परवा टपरीवर एका मित्राशी कडाडून भांडलो. विषय तसा सात्त्विक: कुठला डेटा सर्च इंडेक्समध्ये ठेवायचा आणि कुठला डेटाबेसमध्ये. त्याचं म्हणणं, "सगळं इलॅस्टिकसर्चमध्येच टाक रे. डिस्क स्वस्त झालीये, दोन-दोन ठिकाणी कशाला सांभाळायचं?"

मंडळी, हा प्रश्न डिस्कच्या किमतीचा नाहीच मुळी.

आमचा बीड जिल्हा घ्या. आजचं अंबाजोगाई निजामाच्या राज्यात मोमिनाबाद होतं. लोक अंबेजोगाईही लिहितात, आंबेजोगाईही. २०२३ साली निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या निमित्ताने मराठवाड्यात कुणबी नोंदींसाठी जुनी दफ्तरं उघडली गेली. त्यात मोडी आणि उर्दूतलेही कागद. अशा एका ओळीवर कुणाचातरी दाखला अडलेला असतो.

आता समजा, या नोंदी शोधायच्यात. नातू टाइप करणार 'अंबाजोगाई', कागदावर असणार 'मोमिनाबाद'. सापडायला तर हवं! मग इंडेक्समध्ये दोन्ही नावं समानार्थी ठेवा, ऱ्हस्व-दीर्घ सपाट करा, 'बीडचा'मधला 'चा' कापा. हवी तेवढी मोडतोड करा, इंडेक्स त्यासाठीच असतो. सोबत नोंदीचा क्रमांक आणि यादीत दाखवायला लागेल तेवढंच ठेवा. बास. कागदावर जे लिहिलंय ते अक्षरशः तसंच, चुकीसकट, डेटाबेसमध्ये.

मित्र म्हणतो, "मूळ मजकूर इलॅस्टिकमध्येही राहतोच की." राहतो, मान्य. पण फेरफाराचं काय? विकणाऱ्याचं नाव कमी करायचं आणि घेणाऱ्याचं चढवायचं, दोन्ही एकदम. मध्येच वीज गेली तर दोन्ही मागे. वेगवेगळ्या नोंदींना एकत्र बांधणारं असं ट्रान्झॅक्शन तिथे नाही. जमीन अर्धी विकली जात नाही, राव!

उलट टोकाचे शहाणेही आहेत. ते डेटाबेसवरच 'लाईक %पाटील%' चालवतात. पुढेही टक्का, मागेही टक्का. साधा इंडेक्स निकामी, सगळं टेबल पहिल्या ओळीपासून चाळायचं. आणि बीडमध्ये पाटील किती, ते मी सांगायला नको.

हे मी शहाणपण म्हणून सांगत नाहीये. पूर्वी एका प्रोजेक्टात गावांची नावं 'स्वच्छ' करणारी स्क्रिप्ट मीच लिहिली आणि थेट टेबलावर चालवली. सर्च झकास झाला, सगळ्यांनी पाठ थोपटली. जुनी नावं मात्र गेली ती गेलीच. मोमिनाबाद खोडणारा तो मीच.

म्हणून आता एकच परीक्षा लावतो. आज रात्री अख्खा इंडेक्स उडवायचा. डेटाबेसवरून तो पुन्हा उभा राहणार असेल, तर वाटणी बरोबर. नुसत्या विचारानेच छातीत धस्स झालं, तर समजा तुमचा सातबारा तुम्ही शोधसूचीच्या मार्जिनमध्ये लिहून ठेवलाय.

असो. चहा गार झाला, मित्र अजून पटवून घ्यायला तयार नाही. पुढच्या शनिवारी पुन्हा बसू.