धुराडे थंड, धोका कायम

गळीत हंगाम आटोपला की सोनईच्या मुळा सहकारी साखर कारखान्यासारख्या ठिकाणी धुराडे थंड होते. काम मात्र थांबत नाही. उन्हाळ्यात कायम कामगार आळीपाळीने रजेवर जातात, हंगामी कामगार घरी परततात आणि टाक्यांची सफाई बहुतेक कारखान्यांत ठेकेदाराच्या मजुरांवर येते.

धोका नेमका येथेच दबा धरून बसतो. मळी व सांडपाणी कुजले की कार्बन डायऑक्साइड आणि हायड्रोजन सल्फाइड हे हवेहून जड वायू टाकीच्या तळाशी साचतात. कोसळलेल्यास वाचविण्यास उतरणारा सोबतीही प्राणास मुकतो.

तपासणीचा लेखी दाखला, नाहीतर श्वसनयंत्र आणि बाहेरून दोर धरलेला पट्टा, हे बंधन १९४८ च्या कारखाने कायद्याच्या कलम ३६ ने घातले होते. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्या कायद्याची जागा नव्या श्रमसंहितेने घेतली. वायूचा गुणधर्म बदललेला नाही.

‘सावध राहा’ असा फलक लावून व्यवस्थापनाची जबाबदारी संपत नाही. दोर धरणारा नसेल तर उतरणार नाही, असे म्हणण्याचे बळ ठेकेदाराच्या मजुरास मिळाले पाहिजे. ते देणे हे कायम कामगारांच्या संघटनेचे पहिले कर्तव्य होय.